हरकत असेल तर लिहा

मावशींना राग यायला मुळात फार काही लागत नसे, पण या वेळचा राग रास्त होता.

मावशी म्हणजे फिटर मावशी. तीस वर्षं कापड गिरणीत माग दुरुस्त केले, मागांच्या खडखडाटाने दोन्ही कान नेले, आणि निवृत्तीच्या दिवशी गिरणीने भेट काय द्यावी? गजराचं घड्याळ! बहिऱ्या बाईला गजराचं घड्याळ! मावशींनी ते त्याच संध्याकाळी उघडलं आणि त्यातले स्क्रू कामाला घेतले.

गल्लीतल्या मंडळाकडे दोन खोल्या होत्या, पुढे हॉल आणि मागे एक छोटी खोली. त्या मागच्या खोलीत मावशी दर रविवारी लोकांचे पंखे, मिक्सर, शिलाई मशिनं फुकट दुरुस्त करून द्यायच्या. एरवी त्यांच्याशी बोलायचा कुणी कंटाळाच करी. तिथे मात्र माणसं हातवारे करून काय बिघडलंय ते सांगत आणि दुरुस्ती होईपर्यंत थांबत. मावशींचा सगळा आठवडा त्या एका दिवसावर निघे.

आणि नेमकी तीच खोली अध्यक्षांना हवी होती. अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांना म्हणे ऑफिस थाटायचं होतं. कशाचं ऑफिस, ते विचारायची सोय नव्हती.

सभेत मावशींना ओ की ठो कळायचं नाही. शेजारचा म्हणायचा, "मग सांगतो." तो 'मग' आजवर उगवला नव्हता. फोनवरच्या ग्रुपातही सगळे बोलूनच निरोप टाकत, कारण लिहायला यांची बोटं दुखतात! शेवटी कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या सुनेने उपाय काढला आणि कागदावर लिहून दाखवला. "आई, इंटरनेट रिले चॅट म्हणून एक जुनी सोय आहे. त्यातून फक्त अक्षरं जातात. आवाज नाही, फोटो नाही, सकाळची फुलं नाहीत."

"म्हणजे लिहावंच लागेल सगळ्यांना?"

सुनेने हसून मान डोलावली.

पुढच्या रविवारी तिने हॉलवर सगळ्यांच्या फोनमध्ये तो प्रोग्रॅम टाकून दिला. सर्व्हरचा पत्ता घाला, टोपणनाव घ्या, तिरकी रेघ मारून 'जॉइन' लिहा, पुढे हॅश आणि चॅनलचं, म्हणजे गप्पांच्या कट्ट्याचं, नाव, की आलात आत. अध्यक्षांनी टोपणनाव घेतलं 'अध्यक्ष'. उपाध्यक्षांनाही तेच हवं होतं. एक नाव दोघांना मिळत नाही, हे कळल्यावर ते रुसून बसले. अध्यक्ष इतके खूश झाले की त्यांनी जागच्या जागी कागदावर नियमच लिहिला: 'चॅनलवर लिहिलं जाईल तेवढंच खरं. ठराव मांडल्यावर अर्ध्या तासात हरकत लिहिली नाही, तर तो मंजूर.' त्याखाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या, पहिली स्वतःची. तो कागद मावशींनी जपून ठेवला.

पहिली सभा बुधवारी संध्याकाळी सहाला, आपापल्या घरून. मावशी साडेपाचपासूनच चष्मा लावून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या होत्या. सहा वाजता एकेक नाव आत येऊ लागलं. अकरा नावं आली. मावशींनी लिहिलं, "नमस्कार." कुणी उत्तर दिलं नाही. "ऐकू येतंय का?" असं लिहून त्या स्वतःच हसल्या. तरी सगळं सामसूम. लाजत असतील बिचारे, असं मनाशी म्हणून त्यांनी सहा दहाला लिहिलं, "माझा ठराव: मागची खोली दुरुस्तीसाठीच राहावी. हरकत असेल तर लिहा."

पावणेसात झाले. मंडळातली अकरा माणसं पाऊण तास गप्प बसतील, हे काही मावशींच्या पचनी पडेना. तेवढ्यात सून कामावरून आली. तिने मावशींचा फोन कानाला लावला, ग्रुपातला सकाळचा निरोप ऐकला, आणि ओठ चावत कागदावर उतरवला. "अध्यक्ष म्हणालेत, घरून कुणाला जमत नाहीये, तर सगळे हॉलवरच या, एकत्र बसून जॉइन होऊ."

"बहिरीला बोलून आवतण!" मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नियमाचा कागद मुठीत धरून त्या हॉलवर गेल्या.

अकराच्या अकरा जण फोन मांडीवर ठेवून तोंडाने गप्पा छाटत होते. मागच्या खोलीच्या दाराशी एक पोतं होतं. त्यातून मावशींच्या पकडी आणि पाने डोकावत होते. एवढी घाई!

अध्यक्ष उठले आणि गोड हसत ओठ हलवू लागले.

"मला ऐकू येत नाही," मावशी गरजल्या. "लिहा!"

सगळ्यांच्या माना फोनकडे वळल्या. तिथे मावशींच्या तीनच ओळी होत्या आणि त्यांच्याखाली काही नव्हतं.

"नियम कुणाचा, सर? पहिली सही कुणाची? सहा दहाला ठराव मांडला, आता सात वाजले. एकाने तरी हरकत लिहिली?"

अध्यक्षांनी पुन्हा तोंड उघडलं.

"लिहा म्हटलं ना!"

हेडमास्तरांनी एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं, "आम्ही इथे बोलून ठरवलं होतं."

मावशींनी लगेच खाली लिहिलं, "मी इथे लिहून ठरवलं."

कोपऱ्यात औषधाच्या दुकानवाल्या ताई बसल्या होत्या. मावशींनी त्यांचा मिक्सर दोनदा जिवंत केला होता. ताईंनी मान वर न करता लिहिलं, "मंजूर." मग आणखी एकाने लिहिलं. मग उपाध्यक्षांनीही लिहिलं, आणि तेही ठळक अक्षरांत.

मावशींनी पोतं उचलून आत नेलं आणि एकेक पक्कड पुन्हा आपापल्या खिळ्याला टांगली. बाहेर अध्यक्ष बराच वेळ तावातावाने काहीतरी बोलत होते म्हणे. बोलोत बापडे.