क्लच हळू सोड

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या माथ्यावरच्या मशीनच्या खोलीत चढायचं, खालच्या खड्ड्यात उतरायचं, आणि हे काम संपलं की मोटारसायकलवर टांग टाकून पुढच्या इमारतीकडे सुटायचं, असे त्याचे दिवस जात. एका सकाळी दात घासता घासता तो बेसिनपाशी कोसळला. हातपाय ताठ, डोळे वर. थोड्याच दिवसांनी पुन्हा तसंच झालं. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, "उंचावर चढायचं नाही. गाडी चालवायची नाही, कुणाच्या मागेसुद्धा बसायचं नाही. वर्षभर एकही फिट आली नाही तर पुन्हा बघू."

कंपनीने त्याला गोदामात बसवलं. काल बरोबर काम करणाऱ्यांच्या हातात आज स्क्रू आणि पट्टे मोजून द्यायचे. तो बसने जाई, बसने येई. गाडी जिन्याखाली कापड पांघरून उभी असे. सुट्टीच्या दिवशी तो ते कापड काढून टाकी पुसायचा, आरशात बघायचा आणि पुन्हा पांघरूण घालायचा. आजारी माणसाजवळ बसावं तसा बराच वेळ तो तिथे बसलेला असे.

त्याची बायको छापखान्यात पुस्तकं बांधायच्या कामावर होती. छापखाना गावाबाहेर हलला आणि सकाळच्या पाळीला तिकडे जाणारी बसच नाही असं निघालं. रोज कुणाच्या तरी टेम्पोत पुढे बसून जायचं, नाहीतर अर्धा रस्ता चालायचं. ती म्हणाली, "मी दुसरीकडे काम बघते."

"दुसरीकडे कशाला? जिन्याखाली गाडी आहे की."

"ती तुमची आहे."

"आणि मी कुणाचा आहे?" तो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या आवाजात जोर आला होता. "रविवारपासून शिकायचं. मी शिकवीन."

पहिला धडा जिन्याखालीच झाला, इंजिन बंद ठेवून. तो बाजूला उभा, ती वर बसलेली. "डावा हात क्लच. उजवा हात पुढचा ब्रेक, आणि मूठ पिळलीस की वेग. डावा पाय गियर, उजवा पाय मागचा ब्रेक. आता डोळे मीट. क्लच! मागचा ब्रेक! पुढचा!" ती गोंधळली की तो चिडायचा. "अहो, चार हातपाय चार वेगळी कामं करणार, म्हणजे मी काय ड्रम वाजवतेय?" ती म्हणाली. तो हसला. फिट आल्यापासून तो असा हसला नव्हता, हे दोघांच्याही लक्षात आलं.

दुसरा धडा बंद पडलेल्या थिएटरच्या आवारात. तो गाडी ढकलत तिथवर नेई, तिला बसवी आणि शेजारून पळे. "पहिला गियर खाली. बाकीचे वर. आता क्लच हळू सोड. हळू! गाडी थरथरेल, ती जागा ओळख. तिथे थांब. आता थोडी मूठ पीळ." गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा उडी. तिसऱ्या रविवारी ती थरथरणारी जागा तिला सापडली. बोटांना कळलं, डोक्याला नंतर कळलं. गाडी मऊपणे पुढे सरकली, तिने दुसरा गियर टाकला आणि आवाराला अख्खी फेरी मारून ती त्याच्यासमोर येऊन थांबली.

"शाबास," तो म्हणाला. मग टाकीवर हात ठेवून नुसता उभा राहिला. 

तिचा अपराधीपणा तिथून सुरू झाला. ती जन्माची भित्री. झोपाळ्यावर बसायलाही घाबरणारी. तिला ही गाडी आवडेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि आता ती छापखान्यात छापलेल्या पानांचे फर्मे शिवता शिवता डाव्या पायाने जमिनीवर गियर बदलत असे. ज्या वस्तूसाठी नवरा रोज आतल्या आत झुरतो, तिच्यावर बसून आपल्याला आनंदाच्या उकळ्या फुटतात, ही कसली बायको? तिचं मन तिला खाऊ लागलं.

मग तिने एक युक्ती केली. पुढच्या रविवारी तिने मुद्दाम गाडी बंद पाडली. "अगं, मागच्या वेळी जमलं होतं ना!" तो पळत आला, हातावर हात ठेवून त्याने पुन्हा सगळं दाखवलं. त्याचा चेहरा उजळला होता. त्यानंतर दर रविवारी ती दोन-चार वेळा गाडी बंद पाडायची, गियर चुकवायची. "तुला परीक्षेला पाठवायला अजून अवकाश आहे," तो समाधानाने म्हणायचा. "मी सांगेन तेव्हाच जायचं." शिकाऊ परवाना कपाटात तसाच पडला होता.

पण खोटं खोटं चुकायचं तरी किती! आतली हौस कुठेतरी बाहेर पडणारच. एका सकाळी, तो झोपेत असताना, तिने गाडी आवाज न करता कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली आणि तिथे सुरू केली. बाजारापर्यंत गेली आणि परत आली. वर येऊन चहा ठेवला, त्याला उठवून गोळी हातावर ठेवली.

"कुठे गेली होतीस?"

"पाय मोकळे करायला."

"बरं करतेस," तो म्हणाला.

एकदा पचलं म्हणताना तिची भीड चेपली. दोन दिवसांआड ती निघू लागली. तलावाच्या कडेने एक सरळ रस्ता होता. तिथे ती तिसऱ्या, मग चौथ्या गियरवर जाई. वारा कानात भरे आणि घर, गोदाम, गोळ्यांची डबी सगळं मागे पडे. परतताना मात्र ती प्रत्येक वळणावर घड्याळ बघायची. जिना चढताना ती चोरासारखी पावलं टाकायची.

त्या दिवशी ती तलावाच्याही पुढे गेली. रस्ता टेकडीवर चढत होता, चढावर कुठल्या गियरवर यायचं ते तिला बघायचं होतं. तिने बघितलं, जमलं, पुन्हा एकदा करून बघितलं. घराच्या गल्लीत शिरली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकू इमारतीच्या दारातच उभ्या होत्या. त्यांच्या हाताला रक्त होतं.

"अगं, कुठे होतीस? काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून मी खाली आले. दार नुसतं ओढलेलं होतं..."

गाडी तिथेच टाकून ती धावली. तो स्वयंपाकघरात जमिनीवर, डोक्याखाली काकूंनी उशी सरकवलेली. ओट्याची कड कपाळाला लागली होती. फिट थांबली होती, पण तो तिच्याकडे ओळख नसल्यासारखा बघत होता. ओट्यावर डबीत सकाळची गोळी तशीच होती.

दवाखान्यात टाके पडले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सकाळची गोळी घेतली होती?"

"राहिली," ती म्हणाली. "माझ्यामुळे राहिली. रोज मी देते."

"थोडा उशीर झाला म्हणूनच फिट आली, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. झोप मोडली असेल, ताण असेल. पण गोळी वेळेवरच जायला हवी." मग त्या त्याच्याकडे वळल्या. "वर्ष आता पुन्हा पहिल्यापासून धरायचं."

पहिले पाढे पंचावन्न. वर्ष पुरं व्हायला काही आठवडेच उरले होते. त्याने नुसती मान हलवली. टॅक्सीतून येताना तो खिडकीबाहेर बघत होता, आणि त्याची बोटं मांडीवर क्लच दाबल्यासारखी मिटत उघडत होती. ती ते बघत होती आणि तिला वाटत होतं, टॅक्सीचं दार उघडून कुठेतरी नाहीसं व्हावं.

संध्याकाळी काकू वर जाताना डोकावल्या. "ही घे तुझी किल्ली. सकाळी गाडी रस्त्यातच सोडून धावलीस, मीच आत लावून घेतली. चालवायला लागलीस की छान!" त्यांनी कौतुकानेच म्हटलं. तो पलंगावर टेकून बसला होता. त्याने ऐकलं.

तिने किल्ली कपाटात टाकली आणि पुन्हा गाडीकडे फिरकली नाही. भल्या पहाटे उठून, त्याला गोळी देऊन, अर्धा रस्ता चालत छापखान्यात जायची. उशीर व्हायचा, फोरमनची बोलणी खायची, आणि ती बोलणी तिला बरी वाटायची. घरी आली की त्याच्या मागे मागे. पाणी देऊ का, उशी देऊ का, डोकं दुखतंय का. शेवटी एकदा तो खेकसला, "मी काय काचेचा आहे? बस एका जागी!"

ती बसली.

"तलावाकडे जायचीस?" त्याने विचारलं.

"हो."

"मला माहीत होतं."

तो कपाळाच्या पट्टीशी चाळा करत होता. "तू आंघोळीला गेलीस की मी खाली जाऊन इंजिनाला हात लावायचो. गरम असायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? आधी वाटलं, बरं झालं, शिकली. मग रोज जाग यायला लागली. तू दार लावून घेतलंस की पडून ऐकायचो, कोपऱ्यावर कधी सुरू होते. एकदा तर वाटलं, पडावी ही. लागू नये, पण पडावी." तो थांबला. "आणि त्या दिवशी गोळी माझ्यासमोरच होती. माझे हात काही बांधलेले नव्हते. मीच घेतली नाही. म्हटलं, बघू हिला कधी आठवण होते. आली की तिच्या डोळ्यांदेखत घेईन, म्हणजे जरा लागेल तिला. तुला लागलं, मलाही लागलं."

तिला वाटलं होतं, दोष दोघांत विभागला गेला की हलकं वाटतं. तसं काही झालं नाही. ह्या माणसाला आपण रोज सकाळी असं पडून ऐकायला लावलं, एवढंच तिला दिसत होतं. आता काही म्हणून लपवायचं नाही असं तिला वाटलं आणि ती बोलून बसली, "रविवारी मी मुद्दाम बंद पाडायचे गाडी."

"म्हणजे?"

"मला येत होती. तुम्हाला शिकवायला बरं वाटायचं म्हणून..."

त्याचा चेहरा उतरला. आतापर्यंत तो शांत होता, आता मात्र उठून उभा राहिला. "म्हणजे मी वेड्यासारखा पळत होतो? क्लच हळू सोड, क्लच हळू सोड करत? आणि तू मनात हसत होतीस?"

"हसत नव्हते हो."

"चोरून गेलीस ते समजू शकतो. माझ्यासारखाच जीव आहे तुझा. पण ही दया कशाला?" तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. ती मागे गेली नाही. काचेचा नाही म्हणाला होता. मग काचेचा समजायचं नाही, एवढं तिने त्या दिवशी पाळलं. त्याला तिथे उभं राहू दिलं आणि स्वतः आत बसून रडली.

दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी तो गोदामातून आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "परीक्षा कधी असते, चौकशी कर."

"मला नाही चालवायची."

"का? मला त्रास होतो म्हणून? होतोच. तू चालवलीस तरी होणार, नाही चालवलीस तरी होणार. पण तू चालत जाऊन पाय झिजवतेस ते माझ्या डोक्यावर बसतं. आधीच तिथे टाके आहेत." जरा वेळाने म्हणाला, "गोळीचं मात्र तू बघू नकोस. ती माझी मी घेईन."

ती परीक्षेला गेली आणि पास झाली. बातमी सांगताना तिला धड हसूही आलं नाही. त्याने विचारलं, "आठचा आकडा काढताना पाय टेकलास?" "नाही." "मग ठीक," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

आता ती रोज गाडीवर कामाला जाते, उघडपणे, जिन्याखालीच सुरू करून. तिच्या वाटेवर त्याचा बसथांबा लागतो. पहिल्या दिवशी तो रांगेत उभा असताना त्याच्यासमोरून जाणं तिच्या जिवावर आलं. दुसऱ्या दिवशी तिने मागच्या गल्लीने वळसा घातला. संध्याकाळी तो म्हणाला, "आज दिसली नाहीस."

"खड्डे आहेत तिकडे, म्हणून..."

"खड्डे मागच्या गल्लीत आहेत," तो म्हणाला. "उद्यापासून समोरून जा."

सकाळी ती समोरून गेली. रांगेत तो होता, डबा हातात, कपाळावर लालसर वण. तिने मान वळवली नाही. वळवली असती तर डोळे भरले असते. ती थोडी पुढे गेली आणि मागून त्याचा दणदणीत आवाज आला, "इंडिकेटर बंद कर!"

रांगेतले लोक हसले. तिने अंगठ्याने बटण दाबलं. दिव्याची टिकटिक थांबली. आरशात तो अजून तिच्याकडेच बघत होता, हसत नव्हता. बस आली तसा तो चढला. तिने दुसरा गियर टाकला आणि बस तिला मागे टाकून पुढे निघून जाईपर्यंत वेग वाढवला नाही.