मूळ इंजिन ठेवावे

बनावट प्रत ओळखण्याची एक खूण मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगत असे: ती मूळ प्रतीपेक्षा स्वच्छ असते. नकलकार चुका दुरुस्त करतो, डाग टाळतो, ओळी सरळ ठेवतो, आणि नेमका त्या टापटिपीमुळे पकडला जातो. हे मी तीस वर्षे शिकवले. नंतर माझ्याच अंगणात चार महिने एक बनावट इंजिन धडधडत राहिले, आणि ते किती स्वच्छ आहे याचे मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुक सांगत होतो.

गाडी बाबांची. डिझेल पिकअप, वय सव्वीस. तिचे इंजिन बाबांनी दोनदा संपूर्ण उघडून स्वतःच्या हातांनी पुन्हा बांधले होते. ते गेल्यावर वाटणीला पाच मिनिटेही लागली नाहीत: वर्कशॉप धाकट्या भावाला, पिकअप मला. "दादा, पुस्तकं वाहायला एवढी ताकद लागत नाही हं," असे धाकटा तेव्हा हसून म्हणाला. मीही हसलो. जुनी घरे रिकामी होताना निघणारी हस्तलिखिते आणि बाडे मी त्या गाडीतून संस्थेत आणत असे, त्यामुळे थट्टेला आधार होता. थट्टेच्या आत मागणी दडलेली असू शकते, हे माझ्या वाचनातून निसटले.

गाडी मी नियमाने सांभाळली. डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी काढणे, ठरल्या वेळी ऑइल बदलणे, थंडीत हीटर प्लग तपासणे, आणि वर्षातून एकदा टॅपेटमधले अंतर पातळ पट्टीने मोजून सारखे करणे. हे सारे बाबांनी शिकवलेले. त्यांची आणखी एक पद्धत होती. कोणताही बोल्ट उघडून पुन्हा कसला की त्याच्या डोक्यावर ते पंचाने एक बारीक ठिपका ठोकत. "हजेरी लागली," असे म्हणत. तीन ठिपके म्हणजे तो बोल्ट तीनदा उघडलेला. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, बोल्टांवर ठिपक्यांना जागाच उरली नव्हती. बाबांचे ठिपके ओळीत बसलेले, माझे लहान मुलाच्या अक्षरासारखे कुठेही. ज्यांच्यावर मी ग्रंथ लिहिले त्यांपैकी कोणत्याही पोथीपेक्षा ते आठ बोल्ट मला अधिक नीट वाचता येत.

गेल्या वर्षी ब्रेक डावीकडे ओढू लागले आणि स्टिअरिंग फिरवताना माझा खांदा धरू लागला. "अहो, एक तर गाडी बदला नाहीतर खांदा," असे बायको म्हणाली. धाकट्याने तिसरा मार्ग सुचवला. पुढे डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, मोठा रेडिएटर, डिझेल फवारणारे नवे नोझल. "सहा आठवडे दे मला. गाडी ओळखणार नाहीस."

मी सूचनांचा कागद लिहून दिला. ब्रेक बदलावेत. स्टिअरिंग बदलावे. रेडिएटर बदलावा. आणि शेवटी, खाली रेघ ओढून: मूळ इंजिन ठेवावे.

कागद फोरमनने घेतला. फोरमन म्हणजे बाबांचा पहिला शागीर्द, आता धाकट्याचा उजवा हात. त्याने तो मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "मास्तर, दुरुस्तीचा कागद आहे की ताम्रपट?"

सहा आठवड्यांनी गाडी आली ती चावी अर्धी फिरताच सुरू झाली. धूर नाही, खडखड नाही. बॉनेटखाली सगळे धुऊन रंगवलेले. "नोझल बदलल्याचा एवढा फरक?" मी विचारले.

"नोझलचा, आणि हाताचा," धाकटा म्हणाला. फोरमन त्या वेळी टायरमधली हवा तपासत होता, आणि चारही टायर तपासून झाल्यावर त्याने पुन्हा पहिला घेतला.

चार महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, मी टॅपेट कव्हर उघडायला बसलो. रंगाखाली ठिपके बुजले असतील म्हणून पहिल्या बोल्टचे डोके पॉलिश पेपरने घासले. कोरे. दुसरे घासले. कोरे. आठही बोल्ट घासून झाल्यावर खालच्या सिलिंडर हेडचेही दिसतील तेवढे घासले. एकाचीही हजेरी नव्हती. मी पाना पेटीत ठेवला, हात साबणाने दोनदा धुतले आणि गाडी घेऊन वर्कशॉपला गेलो.

दारातच वर्कशॉपची ओढगाडी उभी होती. चढावर बंद पडलेल्या गाड्या धाकटा तिनेच ओढून आणतो. तिचे बॉनेट मी न विचारता उघडले. वर निळा रंग दिला होता, पण ठिपके रंगातूनही बोटांना लागत होते. प्रत्येक बोल्टवर सात बाबांचे, ओळीत. चार माझे, कुठेही.

"सापडलं वाटतं," मागून धाकटा म्हणाला. आवाजात अपराध नव्हता. काम उरकल्याचा सुटकेचा सूर होता.

"मी लिहून दिलं होतं."

"हो, दिलं होतंस की." त्याने फळीवरच्या खिळ्याला अडकवलेला तेलकट कागद काढला. माझाच. "मूळ इंजिन ठेवावे. ठेवलं. कुणी ठेवावं, कुठे ठेवावं, हे कुठे लिहिलंयस?"

फोरमन हसला आणि लगेच खोकला.

कर्ता गाळला की वाक्य भारदस्त होते, हेही मी तीस वर्षे शिकवले होते. त्या भारदस्त वाक्यात आत शिरून बसण्याइतकी जागा असते, हे माझ्या भावाने, ज्याने शाळा नववीत सोडली, एका वाचनात ओळखले. असा विद्यार्थी मला वर्गात कधी मिळाला नाही.

"ओढगाडीचं इंजिन हेडला तडकलं होतं, दादा," तो आता जरा खालच्या पट्टीत बोलू लागला. "धंदा बसला असता. आणि बाबांचं हे इंजिन तुझ्याकडे महिन्यातून दोनदा कागद वाहतंय. तुला दिलंय ते भंगारातलं, पण फोरमननं त्याच्यात बावीस दिवस घातलेत. खोटं वाटत असेल तर गाडी नीट चालते का ते तूच सांग."

"चालते," मी म्हणालो. "मागितलं का नाहीस?"

"दिलं असतंस?"

याचे उत्तर मला आजही ठाऊक नाही, आणि ते शोधण्याची संधी त्याने मला ठेवली नाही. तेवढ्यावर तो थांबता तर बरे झाले असते. पण तो म्हणाला, "वहिनीला विचार. तिला सगळं माहीत होतं."

मी तिथूनच बायकोला फोन लावून विचारले.

"हो, माहीत होतं," ती म्हणाली. "दोन वेळा चढावर तुम्ही त्या बंद पडलेल्या गाडीपाशी चार चार तास बसून होतात. दुसऱ्यांदा तर अंगात ताप होता. भावजी म्हणाले, दुसरं बसवतो, भरवशाचं. मी बसवा म्हटलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत का?"

"म्हणजे चार महिने मी कौतुक सांगत होतो, आणि तू ऐकत होतीस."

"तुम्ही खूश होतात हो."

मी फोन ठेवला. ज्यांनी फसवले त्यांच्यापैकी कुणीही माझे वाईट चिंतले नव्हते, आणि यामुळे माझा राग तसूभरही कमी झाला नाही. शत्रूने फसवले तर निदान आपली गणना शत्रूंत होते. इथे माझी गणना ज्यांना काही सांगायचे नसते अशांत झाली होती, म्हणजे लहान मुले, आजारी आणि मी.

"काढा ते," मी म्हणालो.

"दादा, दोन दिवस गाडी इथे सोड. अदलाबदल करून देतो."

"या दारात गाडी सोडून जायचं माझं एकदा झालंय. इंजिन काढा आणि माझ्या गाडीच्या मागे हौद्यात ठेवा. मी थांबतो."

"आणि उद्या मी गाड्या कशानं ओढू?"

"ते तू माझ्या कागदात शोध. बहुतेक तिथे लिहिलेलं नसेल."

फोरमन पुढे आला. "मास्तर, रागात असं नका करू. उस्तादांनी—"

"उस्तादांचं नाव घेऊ नका. उचला पाना."

त्याने पाना उचलला नाही. शेवटी धाकट्याने उचलला. दुपारभर मी लोखंडी स्टुलावर बसून राहिलो. तो एकेक नळी सोडवत होता, वायरींना चिकटपट्टीच्या खुणा करत होता, सवयीने, व्यवस्थित. एकदा त्याची बोटे सोलली. त्याने माझ्याकडे पाहिले, मी पाहत राहिलो. साखळीच्या पुलीवर इंजिन वर आले तेव्हा तेलाची धार त्याच्या बुटांवर पडली आणि तो बाजूला झाला नाही. मग त्या दोघांनी आणि शेजारच्या वेल्डरने ते हौद्यात लाकडी ठोकळ्यांवर टेकवले आणि दोरांनी बांधले. मी निघालो तेव्हा ओढगाडी बॉनेट उघडे टाकून दारातच उभी होती.

परतीचा रस्ता चढाचा. मागे अडीचशे किलोचे ओझे. गाडी कुरकुरेल, गरम होईल, निदान एका वळणावर पहिल्या गिअरची भीक मागेल, अशी मी मनापासून वाट पाहिली. ती तिसऱ्या गिअरमध्ये शांतपणे वर आली. तापमानाचा काटा मधल्या रेघेवरून हलला नाही. फोरमनने काम चांगले केले होते.

अंगणात गाडी लावली. बायको दारात आली, हौद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "चहा ठेवू?" ती थोडी थांबून आत गेली.

इंजिन खाली उतरवायला निदान चार माणसे लागतात. मी दोरांच्या गाठी सोडल्या आणि कुणाला हाक मारता येईल याचा विचार करत हौद्याशी उभा राहिलो. पहिली तीन नावे आपोआप आली, आणि ती तिन्ही मी त्याच दिवशी गमावली होती. मग मी गाठी पुन्हा बांधल्या, आधीपेक्षा घट्ट.