पान एकशे बारा आणि माझं फाडलेलं पान

मी अभिप्रायवही बोलतेय, वाचनालयातली. माझं एक पान फाडलेलं आहे, पाठ मोडली आहे आणि पंचवीस-तीस पानांच्या कडा रक्ताने एकमेकांना चिकटल्या आहेत. तेव्हा बोलता बोलता अडखळले तर सांभाळून घ्या. गोड बोलायची मात्र अपेक्षा ठेवू नका. माणसं माझ्यात जे लिहून गेली, ते पोटात घेऊन कुणाचीही जीभ तिखट झाली असती.

मार मला जन्मापासूनच. बांधणीवाल्याने आधी कटरखाली घालून तिन्ही बाजूंनी तासलं, मग टोच्याने पाठीला भोकं पाडली, दोरा ओवून करकचून आवळलं, वर खळ फासली आणि पाठ नीट बसावी म्हणून लाकडी हातोड्याने ठोकलं. अशी ठोकलेली वही पन्नास वर्षं हलत नाही, असं तो शेजारच्याला ऐटीत सांगत होता. हातोडा परवडला म्हणायची वेळ माझ्यावर येईल, हे बिचाऱ्याला काय ठाऊक!

वाचनालयात मला ग्रंथपाल बाईंच्या ताब्यात दिलं. बाई बुटक्या, चष्म्याच्या, आवाज हळू पण नियम कडक. आपल्या मुलखावरची पुस्तकं, म्हणजे डोंगर, नदी, जुनी घरं, लढाया, गाणी, असं एक कपाट वेगळं होतं. त्यातलं पुस्तक परत करताना माझ्यात अभिप्राय लिहायचा, खाली नावासकट सही करायची, हा बाईंचा नियम. प्रत्येक पुस्तकाला माझ्यातली ठरलेली पानं होती, आणि एका वाचकाला एक कोरं उजवं पान. लिहून झालं की मी परत खणात. दुसऱ्याचं मत कुणाला वाचू देत नसत. दुसऱ्याचं वाचून लिहिलं तर ते मत कसलं, असं त्या म्हणायच्या.

महिनाअखेरीला त्या एक चांगला अभिप्राय निवडायच्या, टाइप करायच्या आणि चिठ्ठी त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर चिकटवायच्या. खाली नाव नाही, नुसतं 'एक वाचक'. चिकटवण्याआधी त्या वाचकाला विचारायचं, हाही नियमच. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा.

आता मतं म्हणाल तर काय सांगू! नदीवरच्या पुस्तकाबद्दल एकाने लिहिलं, 'पुस्तक उत्तम, पण नकाशात आमची गल्ली नाही.' डोंगरांच्या पुस्तकाखाली दोन भावांनी पाठोपाठच्या पानांवर एकमेकांच्या अकलेचे वाभाडे काढले, आणि दोघांनीही पुस्तक वाचलेलं नव्हतं. आपल्या मुलखाचं पुस्तक माणूस आरशासारखं उघडतो. चेहरा छान दिसला तर लेखक विद्वान, नाही दिसला तर लेखक विकला गेलेला. मी हसायचे. तेव्हा हसू येत होतं.

मग ते जाडजूड पुस्तक आलं, आपल्याच खोऱ्याचा इतिहास. त्याच्या पान एकशे बारावर नदीपलीकडच्या वस्तीची हकिकत होती. शंभर वर्षांपूर्वी युद्धात ती वस्ती जळाली, एका रात्रीत एकसष्ट माणसं गेली. चौकातल्या स्मारकाच्या दगडावर लिहिलंय की परक्या सैन्याने जाळली. पुस्तकात लिहिलं होतं की सैन्य दोन दिवस आधीच निघून गेलं होतं. जाळली ती नदीअलीकडच्या लोकांनी, म्हणजे आपणच. दारं बाहेरून अडसर घालून बंद केली, आणि आग विझल्यावर उरलंसुरलं लाकूड, माग, भांडी गाड्यांतून अलीकडे आणली.

झालं! गावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. या पुस्तकाची माझ्यातली पानं म्हणजे जखमाच. एकाने 'खोटं' हा शब्द इतका गिरवला की कागद फाटला. एकाने लेखकाचे हात तोडावेत असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली सही केली, वर तारीखही घातली. एकजण तर माझ्यावर थुंकला. बाईंनी मला पुसलं आणि खणात ठेवलं.

त्यानंतर एका दुपारी लाकडाच्या वखारीचा मालक पुस्तक परत करायला आला. उंच, रुंद माणूस, फळ्यांवर खुणा करायची सवय असलेला हात. पेन त्याने पटाशीसारखं धरलं आणि एवढा जोर दिला की माझ्या खालच्या पानापर्यंत कळ गेली. त्याने लिहिलं, 'पान ११२ खरं आहे. आमचे आजोबा त्यात होते. मरताना त्यांनी वडिलांना सांगितलं. आमच्या घराचा पुढचा दरवाजा पलीकडचा आहे. आतल्या बाजूने त्यावर नखांचे ओरखडे आहेत.' खाली पूर्ण नाव लिहिलं. लिहून झाल्यावर त्याने मला स्वतःच मिटलं. मला वाटतं, या माणसाने हे उभ्या जन्मात फक्त मलाच सांगितलं होतं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. महिना संपत आला होता, वखारवाला माल आणायला बाहेरगावी गेला होता. बाईंनी विचारायचं राहू दिलं. नाव तर देत नाहीच आहोत, असं त्यांनी स्वतःला समजावलं असणार. पहिली दोन वाक्यं टाइप केली, खाली 'एक वाचक', आणि चिठ्ठी डकवली. माणूस चांगला असला म्हणून त्याची चूक लहान होत नाही, हे मी बाईंच्या तोंडावर सांगेन.

पुढचा वाचक होता न्हावी. त्याने ती चिठ्ठी दुकानात मोठ्याने वाचली. दुपारपर्यंत गावभर झालं की आपल्यातलाच कुणीतरी आपल्या आजोबाला खुनी म्हणतोय, म्हणजे आपल्या सगळ्यांच्याच आजोबांना. कोण तो, हा एकच प्रश्न. त्या वेळी खुर्चीत घड्याळजी बसला होता, अर्ध्या गालाला साबण. सगळे शिव्या घालत असताना तो एवढंच म्हणाला, 'असेलही खरं.' तेवढं पुरलं.

घड्याळजीचं दुकान आमच्या समोरच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खणात पडल्या पडल्या सगळं ऐकलं. आधी काच फुटली. मग भिंतीवरची घड्याळं एकेक करून खाली आली, काही पडतानाही टोले देत होती. डोळ्याला लावलेलं भिंग काढायला त्याला सवड मिळाली नाही. त्यावरच कुणीतरी बूट मारला. त्याची किंकाळी मी अजून विसरले नाही. डोळा गेला. फाटलेलं डोकं शिवून त्याला दवाखान्यात निजवलं.

बाई धावत गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा पदराला रक्त होतं. खण उघडून त्यांनी मला काढलं आणि वखारवाल्याचं पान उघडलं. नाव सांगावं तर दुसरा मरतो, न सांगावं तर घड्याळजी सुटत नाही. मी त्यांच्या जागी असते तर नाव ओरडून सांगितलं असतं. मी बाई नाही.

वहीतली सही बघून खात्री करायला भरदुपारी जमाव वाचनालयात शिरला. चाळीस-पन्नास माणसं, बरीचशी माझ्यात सह्या केलेली. आणि सगळ्यांच्या पुढे, हातात सागाचा दांडका घेऊन, कोण? वखारवाला! सकाळीच परतला होता. मी ओळखलं. त्याला कुणाच्याही आधी माझ्यापर्यंत पोचायचं होतं.

त्याने मला बाईंच्या हातातून हिसकलं, पुठ्ठ्याला पुठ्ठा टेकवून उलटं मोडलं आणि आपलं पान उपटलं. दोरा तुटताना मला काय झालं ते सांगत नाही. पान मुठीत चुरगळून त्याने खिशात कोंबलं. मागून ओरडा झाला, नाव काय, नाव वाच. तो घामाने निथळत होता. त्याची नि बाईंची नजरानजर झाली. मग तो जमावाकडे वळला.

"घड्याळजीच आहे," तो म्हणाला.

लोंढा दाराकडे फिरला. दवाखाना चार पावलांवर, आणि घड्याळजीला तर उठताही येत नव्हतं. हे लोक आता त्याला पुरा करणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"थांबा," बाई म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण वाचनालयात त्यांच्या हळू आवाजाची सगळ्यांना सवय होती. "घड्याळजीचा काही संबंध नाही. ते मी लिहिलंय."

कुणीतरी विचारलं, कुठल्या हाताने. बाईंनी मला काउंटरवर ठेवलं आणि उजवा हात माझ्यावर ठेवला. जमावाने वखारवाल्याला पुढे ढकललं. दांडका त्याच्याच हातात होता ना! मार, म्हणाले. त्याने बाईंकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं, आणि मला तर होतंच.

त्याने मारलं. एकदा नाही, तीनदा. पहिल्या घावात बोटं मोडल्याचा आवाज आला, तिसऱ्यात माझी पाठ. रक्त माझ्या कडांतून आत मुरत गेलं. मग कपाटं पाडली, पुस्तकं रस्त्यावर नेऊन पेटवली. मी उलथलेल्या टेबलाखाली गेले म्हणून वाचले. जाळताना त्यांच्यातल्या एकानेही पान एकशे बारा उघडून पाहिलं नाही.

वाचनालय अडीच महिने बंद होतं. फौजदाराने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, गर्दी होती, चेहरे दिसले नाहीत. उजवा हात आता मूठ होऊनच बसलाय. डाव्या हाताने त्या शिक्के मारतात. घड्याळजी एका डोळ्याने घड्याळं दुरुस्त करतो. दर आठवड्याला येऊन तो बाईंना एकच विचारतो, तुम्ही लिहिलं नाहीत, मग कोण होतं ते. बाई म्हणतात, तो स्वतः येऊन सांगेल. घड्याळजी मान हलवून जातो, पण दार जोरात आपटून जातो, आणि त्याचं काही चुकत नाही.

वखारवाला आला तो गेल्या आठवड्यात, दुपारी, वाचनालय रिकामं असताना. दाढी वाढलेली. बाईंच्या हाताकडे बघवेना म्हणून माझ्याकडे बघत उभा राहिला. दोष कबूल करायला तोंड उघडत होता. आधी बाईच बोलल्या. तुम्हाला विचारल्याशिवाय चिठ्ठी लावली, ती चूक माझी, म्हणाल्या. मग त्यांनी मला उघडलं, फाडलेल्या पानाच्या खालचं कोरं पान काढलं आणि डाव्या हाताने एक पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली.

"तुम्ही जोरात लिहिता," त्या म्हणाल्या. "सगळं खाली उमटलंय. मी हात लावलेला नाही. हलक्या हाताने फिरवा, तुमचंच अक्षर वर येईल."

त्याने पेन्सिल घेतली. आडवी धरून फिरवू लागला, वरून खाली. काळ्या शाईचं फाडून नेलेलं सगळं पांढऱ्या रेघांनी परत आलं. पान ११२ खरं आहे. आजोबा आले, दरवाजा आला, नखांचे ओरखडे आले. तिथे त्याचा हात थांबला. त्याने पेन्सिल ठेवली आणि तो रडत निघून गेला. बाईंनी मला मिटलं नाही. पेन्सिल माझ्यातच ठेवली.

तर माझी सध्याची अवस्था ही अशी. वाक्यं सगळी वर आली आहेत, फक्त खाली सहीची चार बोटं जागा पांढरी आहे. तुम्हाला विनंती एवढीच, तिथे तुम्ही पेन्सिल फिरवू नका. बाई तीन घाव खाऊन गप्प राहिल्या ते तुम्ही फोडावं म्हणून नव्हे.

आणि वखारवाल्या, तुला सांगते. घड्याळजी समोरच बसतो, बाई इथेच आहेत, आणि तुझ्या घराचा दरवाजा तू रोज उघडतोस नि लावतोस. अरे बाबा, चार बोटंच राहिली आहेत. ये, आणि एवढी फिरव.