रिमोटने खाल्लेले सेल

मित्रांनो, मी एक जुना ड्रमपॅड आहे. माळ्यावर पडलोय, आणि माझ्या कपाळावर दगाबाज असा शिक्का आहे. तो शिक्का खोटा आहे, म्हणून बोलतो.

कारखान्यात माझ्या अंगावर रबराच्या चकत्या बसवल्या. काठी पडली की एकीतून धम्म, दुसरीतून छन्न. पण पोटात वीज असेल तरच. वीज नसली की मी आणि जेवायचा पाट सारखेच.

मला ताईने आणलं. तिने स्टँडचे पाय फाकवले, स्क्रू आवळले, पायाने दाबायच्या पेडलची वायर खोचली, अडॅप्टर लावला आणि हेडफोन कानावर चढवले. घरच्यांना ऐकू जायची नुसती टकटक. "सुतारपक्षी पाळलाय हिने," आई म्हणायची. बाबा रात्रपाळी करून दिवसा झोपायचे. माझा लाल दिवा त्यांच्या डोळ्यांवर यायचा, म्हणून ताईने त्यावर काळी चिकटपट्टी लावली. सेल संपत आले की तोच दिवा लुकलुकतो. म्हणजे त्या पट्टीने माझं तोंडच बंद झालं म्हणा ना.

मग एका वाद्यवृंदाच्या मास्तरांनी तिला एका कार्यक्रमात वाजवायला बोलावलं. जमलं तर कायमची जागा. ताईला दुसरं काही नकोच होतं. रंगमंचावर माझ्यासाठी प्लग मिळणार नाही हे तिने आधीच विचारून घेतलं आणि आदल्या दिवशी माझ्या पोटात नवे कोरे सेल घातले.

त्या संध्याकाळी ताईचा भाऊ, दादा, टीव्हीवर मॅच बघत होता. ती रंगात आली आणि रिमोट मेला. शेजारच्या दुकानात जायचाही त्याला कंटाळा. त्याने माझं झाकण उघडलं, दोन ताजे सेल काढून रिमोटला दिले आणि रिमोटमधले मेलेले माझ्या पोटात ढकलले. "सकाळी बदलतो," असं पुटपुटला. सकाळी त्यानेच मला खांद्यावर घालून सभागृहात नेलं. सेलचा विषयही काढला नाही.

पहिलं गाणं झकास झालं. दुसऱ्यात, ऐन ठेक्यावर, माझा जीव गेला. त्याआधी मी लुकलुकून लुकलुकून दमलो होतो, पट्टीखाली. ताईच्या काठ्या रबरावर टकटक करत राहिल्या. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. मास्तर आवाज न चढवता म्हणाले, "बाई, तुम्ही आपलं घरीच वाजवा."

परतताना दादा म्हणाला, "स्वस्तातला माल. आयत्या वेळी असाच दगा देतो."

तो बोलला याचं मला काही वाटलं नाही. चोर असंच बोलणार. पण ताईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "खरंच रे. यानेच दगा दिला."

जिच्या हाताचा प्रत्येक ठोका मी झेलला, तिने माझं झाकणसुद्धा उघडून बघितलं नाही. तशीच माळ्यावर रवानगी. आता ते दोन मेलेले सेल पोटात पाझरताहेत आणि माझ्या तारा गंजताहेत. खाली ताई जेवताना ताटाच्या कडेवर बोटांनी ठेका धरते. दादा वैतागून टीव्हीचा आवाज वाढवतो. माझ्याच सेलवर.

मित्रांनो, वस्तू वापरून झाली की तिच्या पोटातले सेल काढून ठेवा. आणि कुणी ऐन वेळी गप्प झालं, तर त्याला दगाबाज म्हणण्याआधी त्याच्या तोंडावरची पट्टी काढून बघा. ती कदाचित तुम्हीच लावलेली असेल.