चोआ चू कांगची कायोटी

गुरुप्रसाद सर मूळचे चिंचवडचे, पण चिंचवडचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. सिंगापूरला येण्यापूर्वी ते चार वर्षं अमेरिकेत, ॲरिझोनात होते, आणि आपण तिथेच जन्मलो अशी त्यांची समजूत झालेली आहे. इथलं दूध तिकडच्यापेक्षा पातळ, इथले रस्ते तिकडच्यापेक्षा अरुंद, इथलं ऊन तिकडच्यापेक्षा चिकट. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत ते माझ्या नवऱ्याचे, क्षितिजचे, बॉस. त्यात राहायलाही चोआ चू कांगला आमच्याच कॉन्डोत, शेजारच्या टॉवरमध्ये. म्हणजे शनिवार-रविवारीही लिफ्टमध्ये दबकूनच वागायचं.

एके दिवशी सकाळी कॉन्डोतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. ‘सावधान. मागच्या झाडीत कायोटी दिसली आहे. कायोटी म्हणजे अमेरिकेतला कोल्ह्यासारखा रानटी प्राणी. घाबरू नका, मला अनुभव आहे.’ सोबत फोटो.

मी फोटो मोठा करून पाहिला. ती खारी होती.

खारी म्हणजे मागच्या झाडीतली एक भटकी कुत्री. रंग अगदी खारी बिस्किटाचा, म्हणून क्षितिजनेच ते नाव ठेवलं होतं. भित्री इतकी, की पान हललं तरी पळायची. आधी मी पोळी लांब ठेवून निघून यायची, मग जरा जवळ ठेवून उभी राहायची, आणि कित्येक महिन्यांनी ती एकदाची माझ्या हातून खायला लागली. त्या दिवशी मी घरी येऊन रडले होते. आता आम्ही तिला घरी आणणार होतो. घरमालकाने हो म्हटलं होतं, आणि भटक्या कुत्र्यांसाठी काम करणारी एक बाई शनिवारी पिंजरा घेऊन येणार होती. तिने एकच बजावलं होतं, ‘ती आपल्या पायांनी आत आली पाहिजे. एकदा बिथरली की पुन्हा माणसाजवळ यायची नाही.’

मी ग्रुपवर लिहिलं, ‘ही कुत्री आहे.’ त्याखाली कोणी काही लिहिलं नाही. सरांच्या मेसेजखाली मात्र शामकांतकाकांनी लिहिलं. ते जहाजावर चीफ इंजिनिअर. ‘अमेरिकेहून कंटेनरमधून काहीही येऊ शकतं. आमच्या जहाजावर एकदा मांजर निघालं होतं.’ उचलली जीभ लावली टाळ्याला. पण त्यावर बावीस अंगठे आले, आणि त्यातला एक क्षितिजचा होता.

“अरे, तू रोज तिला बिस्किटं घालतोस!” मी म्हटलं.

“अगं, नुसता अंगठा आहे. त्याला काय अर्थ असतो?”

गुरुवारी कॉन्डोच्या हॉलमध्ये सरांचं व्याख्यान ठरलं, ‘कायोटी कशी ओळखावी’. आपल्याकडे सत्कार आधी आणि भाषण नंतर असतं, त्यामुळे भाषण कसंही झालं तरी शाल परत मागता येत नाही. शाल पांघरून सर बोलायला उभे राहिले. कायोटीचे कान मोठे आणि टोकदार. तोंड निमुळतं. पाय काटकुळे. कुत्र्याची शेपूट वर असते, कायोटीची खाली. मग पडद्यावर खारीचा फोटो आला आणि लोकांनी ‘अरे बापरे’ केलं.

जिला जन्मभर सगळ्यांनी हाड् हाड् केलं, तिची शेपूट वर कशाला राहील? मी उठून सांगितलं, “सर, ती कुत्री आहे. मी तिला रोज हाताने भरवते.”

सर माझ्याकडे बघून गोड हसले. “ऋता, म्हणूनच तुला जास्त धोका आहे. कायोटी फार हुशार असते. कुत्र्याचं सोंग घेते.”

पुढच्या रांगेतल्या दोघांनी हे फोनमध्ये टिपून घेतलं.

मग सरांनी जाहीर केलं, की शनिवारी सकाळी सगळ्यांनी झाडीत जायचं, कायोटी बघायची आणि तिला कायमची हुसकून लावायची. घरी येताच मी क्षितिजला म्हटलं, “त्यांना थांबव. निदान रविवारी जा म्हणावं. शनिवारी आपली खारी घरी यायचीय.”

“सरांनी सगळ्यांसाठी टोप्या मागवल्यात गं. आणि माझा इथे नोकरी करायचा पास रिन्यू व्हायचाय, त्यांच्या शिफारशीवर. आत्ता नको.”

शनिवारी सगळे जमले. टोप्या, दुर्बिणी, शिट्ट्या, आणि पोह्यांचे डबे. जंगलात जाताना मराठी माणूस एक वेळ काठी विसरेल, पोहे विसरणार नाही. मी आमच्या लेकीला, किमयाला, घेऊन सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले. खारी लांब झाडाआडून बघत होती. मला वाटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? मी खाली बसले, पोळी पुढे केली आणि तिला हाक मारली.

ती आली. एवढी गर्दी बघून थरथरत होती, पण माझ्यासाठी आली. पोळी खाल्ली, माझा हात चाटला.

“दॅट्स खारी, लाह!” किमया तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली. “पपा फीड्स हर एव्हरी डे!”

सर दोन पावलं मागे सरले. “बघा! माणसाळलेली कायोटी! सगळ्यात धोकादायक हीच!”

मी क्षितिजकडे वळले. “क्षितिज, सांग ना सरांना. ही कोण आहे?”

खारीने त्याला ओळखलं होतं. मान वाकडी करून ती त्याच्याकडे बघत होती. क्षितिजने तिच्याकडे पाहिलं, मग सरांकडे.

“शेपूट... खाली आहे, हे मात्र खरं,” तो म्हणाला.

सरांनी शिट्टी फुंकली. बाकीच्यांनी फुंकल्या, डबे बडवले, शामकांतकाकांनी छत्री फटाफट उघडली-मिटली. खारी एकदा माझ्या अंगावर आदळली आणि झाडीत शिरली ती शिरलीच.

थोड्या वेळाने ती बाई पिंजरा घेऊन आली. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. नंतरही मी रोज गेले. पोळ्या मुंग्यांनी खाल्ल्या. मला नवऱ्याचा राग आला होता हे खरंच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. तिला हाक मारून त्या गर्दीत मीच आणलं होतं.

दिवाळीच्या संमेलनात गुरुप्रसाद सरांना ‘परिसररक्षक’ म्हणून स्मृतिचिन्ह द्यायचं ठरलं. सूत्रसंचालन दरवर्षी माझ्याकडेच असतं. क्षितिज आदल्या दिवसापासून मागे लागला होता, “प्लीज, चार गोड शब्द बोल आणि खाली बस.”

मी माइक घेतला. सर पहिल्या रांगेत, शेजारी क्षितिज.

“सरांच्या जागरूकतेमुळे,” मी म्हटलं, “आपल्या चोआ चू कांगमध्ये आज एकही कायोटी नाही. पूर्वीही नव्हती. एक कुत्री होती. माणसांवर नुकताच विश्वास ठेवायला शिकली होती. सरांनी तीही ठेवली नाही.”

सगळे सरांच्या तोंडाकडे बघू लागले. सर मंद हसत मान डोलावत होते. त्यांचं नाव आलं होतं, तेवढं त्यांना पुरलं.

मग टाळ्या पडल्या. पहिली टाळी क्षितिजची होती.