ऑटोतलं व्याख्यान

व्यसन मेंदूत कसं घर करतं, हे बघायला उमाकांतनं सात वर्षं उंदीर पोसले. अफूचं सत्त्व टोचलं की मेंदूतली काही जनुकं जागी होतात, आणि टोचणं थांबवलं तरी त्यातली काही आठवडेच्या आठवडे निजत नाहीत. १९९७ साली त्यावर त्याचा पेपरही छापून आला. म्हणजे विद्वानच की. आणि हा विद्वान धाकट्या भावाला, जितेंद्रला, काय सांगायचा? "मनावर घे रे. निश्चय हवा." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

जितेंद्रची दारू तीन महिने सुटली होती. व्यसनमुक्तीच्या वॉर्डातून तो थेट बंगळुरात, जे. पी. नगरला दादाकडे आला. भाजी आणायचा, पुतणीची, केतकीची, गणितं घ्यायचा. शुक्रवारी पिऊन आला. उमाकांतची बायको प्रमोदिनी भांडली नाही. "दार केतकीनं उघडलं," एवढंच म्हणाली. उमाकांतनं मिरजेचं तिकीट काढलं. तिथं काकांच्या रिकाम्या खोलीत जितेंद्र आठवडाभरही टिकायचा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी काढलं.

रविवारी दोघं ऑटोनं यशवंतपूर स्टेशनला निघाले. गप्प बसेल तर तो उमाकांत कसला. अर्ध्या वाटेत निश्चयाचं व्याख्यान चांगलं रंगात आलं. "माझंच बघ. एकदा ठरवलं की ठरवलं."

तेवढ्यात ऑटोवाल्यानं आरशात बघत एक हात मागे पसरला. "सार, स्वल्प कोडी." थोडी द्या, म्हणत होता.

उमाकांतनं खाली पाहिलं. डाव्या तळव्यावर तंबाखू होती आणि उजवा अंगठा चुना लावून ती मळत होता. पुडी खिशातून कधी निघाली, त्याला पत्ताच नव्हता. पाच वर्षं तो घरी हेच सांगत आला होता, सोडली, आता फक्त स्वल्प. बंगळुरात राहून कानडी शिकला तोही हाच एक शब्द. त्यानं चिमूटभर ऑटोवाल्याला दिली आणि उरलेली, लाज वाटत असतानाच, स्वतःच्या ओठाखाली ठेवली.

जितेंद्र हसला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "दादा, तू उंदरांना रागावतोस?"

"त्यांना काय रागवायचं? त्यांचा मेंदूच बदललेला असतो."

"बदललाय हे कळतं कसं?"

"मेंदू काढून त्याचे काप बघावे लागतात."

"म्हणजे मेल्यावर."

उमाकांतनं जिभेनं तंबाखू ओठाखाली आणखी आत सारली. तोंडात तंबाखू आहे, हे निमित्त त्याला पुरलं.

"माझ्या बाबतीत तेवढं थांबू नकोस," जितेंद्र हळू आवाजात म्हणाला.

उमाकांतनं बाहेर वाकून थुंकून टाकलं. डोळे भरून आले होते, ते त्यानं चुन्याच्याच हातानं पुसले आणि ते आणखी झोंबले. "वळवा," तो ऑटोवाल्याला हातानं खुणावत म्हणाला. आता प्रमोदिनीपुढे उभं राहायचं होतं, आणि तिला सांगायला त्याच्याजवळ एकही पेपर नव्हता.