घराखालची तहान

आमच्या उम्मा नगरात माणूस मेलं की घराच्याच जमिनीखाली पुरतात. आतल्या खोलीत माझा नवरा लुगिरा आहे, त्याच्या पायथ्याशी माझी थोरली लेक. दर अमावस्येला जमिनीत बसवलेल्या मातीच्या नळीतून मी त्यांना गार पाणी घालते. पाणी मिळालं नाही तर मेलेलं माणूस वेशीबाहेर उष्टं-खरकटं चिवडत फिरतं. जिवंतपणी ज्यानं कुणापुढे हात पसरला नाही, त्याला मी तसं फिरू देणार नाही.

आमचं वाटोळं पाण्यानंच केलं. राजानं नवा कालवा काढला आणि माझा लेक उरेमुश शेफारला. त्याचा बाप एक साल सातू पेरायचा, पुढचं साल रान पडीक ठेवायचा. उरेमुशला तो आळशीपणा वाटे. त्यानं चाडं लावलेला नवा नांगर आणला होता, बी आपसूक सरीत पडायचं. म्हणे, असलं अवजार असताना रान रिकामं ठेवणं म्हणजे दुभती गाय नुसती बांधून ठेवणं. मी म्हटलं, गायसुद्धा मधे भाकड राहते बाबा, आणि तिला ते कुणी शिकवावं लागत नाही.

काही वर्षं पीक असं आलं की शेजारणी माझ्याशी गोड बोलू लागल्या. मग रान पांढरं पडलं. ढेकूळ चाटून पाहिलं, तर मीठ. ते धुवायला उरेमुशनं आणखी पाणी सोडलं. वरचं मीठ गेलं, खालचं वर आलं. देवळातल्या पुजाऱ्यानं मेंढीचं काळीज बघून सांगितलं, शारा देव प्रसन्न आहे, पेरा. मेंढी आमची, मटण त्याचं, प्रसन्न मात्र देव. सातू वीतभर वाढला आणि शेंड्यापासून करपला.

घर सोडून नदीच्या वरच्या मुलखात जायचं ठरलं, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. सून निन्हेदू गाढवावर जातं बांधताना दिसली, त्यावरून कळलं. मी नळीपाशी जाऊन बसले.

उरेमुश आत आला. "ऊठ आई. घरचा देव घेतलाय मी."

"देव काय, कडेवरसुद्धा बसेल. बापाला कसा उचलशील?"

तो नळीपाशी उकिडवा बसला. "तू इथं राहिलीस तर तुला कोण पुरणार? तुला पाणी कोण घालणार?"

मी म्हटलं, "म्हणजे तिघंही तहानलेले. निदान ओळखीचे तरी असू."

सुनेनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. म्हणाली, "आत्याबाई, चला ना. पोरांना दटावायला कोण आहे तिकडे?"

"तू आहेस की. माझ्याकडून तेवढंच तर शिकलीस."

आमच्याकडे लाकूड दुर्मीळ. घर सोडणारा दार काढून नेतो. उरेमुश दाराशी घुटमळला, माझ्याकडे बघेना. मीच म्हटलं, ने, तिकडे कुठून आणशील. त्यानं ते उचकटून पाठीवर घेतलं आणि वाकून चालू लागला.

आता विहीरही मचूळ झाली आहे. तेच पाणी मी पिते, तेच खाली घालते. माझ्यामागं काय, हे विचारायला कुणी येत नाही. दार नसूनही येत नाही.